संगणकाचा जीर्णोद्धार

कोणतीहि वस्तु जुनी केव्हां झाली, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. रहाटाचा कणा झिजला, घोंगडीला भोकें पडलीं, वाशाला वाळवी लागली, कीं ती वस्तु जुनी झाली असें आपण म्हणतों; आणि त्या म्हणण्याला डोळ्यांची साक्ष असते. संगणकाच्या बाबतींत मात्र ही साक्ष मिळत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक पहिल्या दिवशीं जितकी बेरीज जितक्या वेळांत करीत होता, तितकीच बेरीज तितक्याच वेळांत तो आजहि करतो. तरीहि तो जुना ठरतो. त्याला जुना ठरविणारा केवळ काळ नसून दुसरा कोणी तरी असतो. तो कोण, याचा निवाडा करावयाचा तर हें वार्धक्य ज्या क्षेत्रांत सर्वांत लवकर येतें, त्या क्षेत्राचाच इतिहास पाहिला पाहिजे. तें क्षेत्र म्हणजे इंटरनेटवरून दूरदूरच्या माणसांशीं खेळावयाचे खेळ.

या खेळांचा इतिहास सामान्यतः विजेत्यांच्या अंगानें लिहिला जातो. कोणत्या कंपनीनें कोणता प्रोसेसर काढला, कोणत्या खेळाच्या किती प्रती खपल्या, याच्या हकीकती पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या खिशांत एका वेळीं एकच भाग बदलण्यापुरता पैसा असतो, आणि तरीहि ज्याला नव्या यंत्रवाल्यांच्या पंगतीस बसावयाचें असतें, त्या माणसाचाहि एक इतिहास आहे. आमच्या मतें संगणकाच्या रचनेचें मर्म या काटकसरी माणसाला जितकें उमगलें, तितकें धनिकाला उमगलें नाहीं. धनिक सगळें घरच पाडून नवें बांधतो. गरिबाला कुजलेला वासा नेमका कोणता, हें शोधून काढावें लागतें.

हा शोध शक्य झाला याचें मूळ कारण यंत्राचें उघडेपण हें होय. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला पहिला 'पर्सनल कॉम्प्यूटर' लोकांपुढें मांडला. त्याच्या पोटांत पांच रिकाम्या खांचा ठेवल्या होत्या, आणि प्रोसेसरच्या शेजारीं ८०८७ नांवाच्या गणिती साह्यकासाठीं एक रिकामें घरहि होतें. विकत घेतांना जें परवडलें नाहीं तें पुढें सवडीनें बसवावें, ही सोय यंत्राच्या जन्मापासूनच होती. शिवाय कंपनीनें यंत्राच्या विद्युत्-मंडलांचे नकाशे आणि मूळ आज्ञावलीचा पाठ छापून प्रसिद्ध केला. याचा परिणाम असा झाला कीं, खांचेंत बसणारीं कार्डें कोणीहि करूं लागला, आणि थोड्याच काळांत संबंध यंत्राच्याच प्रतिकृति बाजारांत आल्या. १९८७ सालीं त्याच कंपनीनें 'पी. एस्. टू' या मालिकेंत नव्या धर्तीच्या खांचा आणून, त्या वापरणारांकडून परवान्याचें मोल घेण्याचा बेत केला. तेव्हां प्रतिस्पर्धी नऊ कंपन्यांनीं १९८८ सालीं एकत्र येऊन स्वतःची निराळी, जुन्या कार्डांशीं जुळणारी खांच जाहीर केली. एकदां उघडलेलें दार मालकालासुद्धां पुन्हां लावतां आलें नाहीं. या एका गोष्टीवर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

१९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील 'इड सॉफ्टवेअर' या मंडळीनें 'डूम' हा खेळ काढला आणि तारांनीं जोडलेल्या संगणकांवर माणसें एकमेकांशीं लढूं लागलीं. परंतु जुन्या यंत्रांची खरी परीक्षा घेतली ती त्याच मंडळीच्या जून १९९६ मधील 'क्वेक' या खेळानें. त्यांत भिंती, जिने, कमानी हें सर्व खऱ्या त्रिमितींत मोजलें जाई आणि त्यासाठीं अपूर्णांकांचे भागाकार सतत करावे लागत. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्यें अशी सोय होती कीं, भागाकार चालू असतां बाकीचें पूर्णांकांचें काम समांतर उरकतां येई. 'क्वेक'च्या कर्त्यांनीं ही सोय ओळखून आपली आज्ञावली तिच्यावर बेतली. त्या काळीं घरोघर असलेल्या '४८६' जातीच्या यंत्रांसाठीं ए. एम्. डी. कंपनीनें १९९५ सालीं १३३ मेगाहर्ट्झचा एक स्वस्त प्रोसेसर काढला होता. जुन्या मदरबोर्डावर तो बसे, आणि पत्रें लिहिणें, हिशेब करणें इत्यादि कामांत ७५ मेगाहर्ट्झच्या पेंटियमशीं तो बरोबरी करी. परंतु 'क्वेक'पुढें मात्र तो मागें पडला. सायरिक्स कंपनीच्या '६x८६' या प्रोसेसरचीहि तीच गत झाली. लेखनकामांत तो पेंटियमच्या पुढें जाई आणि या एका खेळांत त्याला धाप लागे. वेगाचा एकच एक आंकडा पाहून माल घेणारास मिळालेला हा पहिला धडा होय. वेग म्हणून सर्व कामांस लागू असा एक गुण नाहीं. वेग कोणत्या कामाचा, हें आधीं विचारलें पाहिजे.

या अडचणीवर उतारा निघाला तो मात्र दुसऱ्याच दिशेनें. 'थ्रीडीएफ्एक्स्' या नव्या कंपनीनें १९९६ सालीं 'व्हूडू' नांवाची चित्रें काढणारी चिप बाजारांत आणली. मूळचा विचार नाणीं टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रांचा होता; परंतु त्याच वर्षीं स्मृति-चिपांच्या किंमती कोसळल्या, आणि चार मेगाबाइट स्मृतीचें कार्ड घरगुती गिऱ्हाइकाच्या आटोक्यांत आलें. या कार्डाची रचना काटकसरी माणसाच्या दृष्टीनें मोठी सोयीची होती. तें जुनें चित्र-कार्ड काढावयास लावीत नसे. नेहमींचें द्विमिती काम जुन्याच कार्डानें करावें, खेळ सुरू झाला कीं नव्यानें सूत्रें घ्यावीं, आणि दोहोंमध्यें एक आंखूड तार असावी, अशी ती योजना होती. घरांतील वडीलधाऱ्याला न दुखवितां कारभार धाकट्याच्या हातीं द्यावा, त्यांतलाच हा प्रकार. जानेवारी १९९७ मध्यें 'क्वेक'ची या जातीच्या कार्डांवर चालणारी आवृत्ति निघाली आणि ज्या यंत्राला लोक मोडींत काढावयास निघाले होते, तें एका कार्डाच्या बळावर पुन्हां उभें राहिलें.

एवढ्यानें चित्र सुधारलें. परंतु इंटरनेटवरील खेळाची मुख्य व्याधि चित्रांत नव्हतीच. त्या वेळीं बहुतेकांच्या घरीं टेलिफोनच्या तारेवरून चालणारा, दर सेकंदास २८,८०० बिटें वाहून नेणारा मोडेम असे. एका खोलींतल्या तारांवर निरोप पोंचण्यास जो वेळ लागे, त्याच्या कित्येक पट वेळ या वाटेनें लागे. मूळच्या 'क्वेक'मध्यें खेळणाराचें पाऊल पुढें पडावयाचें तें मध्यवर्ती संगणकाची संमति आल्यावरच. त्यामुळें कळ दाबल्यावर पाऊल उचलेपर्यंत शत्रु गोळी घालून मोकळा होई. येथें प्रोसेसर बदलून कांहींच साधणारें नव्हतें. त्या खेळाचा प्रमुख कर्ता जॉन कारमॅक यानें, आपण इंटरनेटसंबंधीं चुकीच्या गृहीतांवर काम केलें, असें त्याच वर्षीं स्पष्टपणें लिहिलें, आणि डिसेंबर १९९६ मध्यें 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारलेली आवृत्ति दिली. तिच्यांत खेळणाराचा स्वतःचा संगणक संमतीची वाट न पाहतां पुढील पावलाचा अंदाज बांधी, आणि मागाहून आलेल्या उत्तराशीं तो ताडून घेई. ही सुधारणा फुकट होती. एक पैचें सामान विकत न घेतां हजारों जुने मोडेम खेळण्याजोगे झाले. इंटरनेटवरील खेळाच्या आजपर्यंतच्या इतिहासांत इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक डागडुजी आम्हांस दुसरी दिसत नाहीं. मात्र याच प्रसंगानें आणखी एक गोष्ट उघड केली, आणि तिच्याकडे तेव्हां फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. यंत्राचें आयुष्य वाढविण्याची सत्ता आज्ञावली लिहिणाराच्या हातीं आहे. आणि ज्याच्या हातीं आयुष्य वाढविणें असतें, त्याच्याच हातीं तें तोडणेंहि असतें.

यानंतर दोन वर्षांनीं काटकसरी खेळणारांच्या इतिहासांतील सर्वांत गाजलेला प्रसंग घडला. २४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशीं इंटेलनें दोन प्रोसेसर बाजारांत आणले. पहिला पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. स्वस्त मालाची आधींची आवृत्ति जलद स्मृतीवांचून विकल्यामुळें कंपनीची नाचक्की झाली होती. म्हणून या खेपेस तिनें १२८ किलोबाइट जलद स्मृति प्रोसेसरच्या अंगांतच घातली. पेंटियम टूची स्मृति चौपट, परंतु ती बाहेरच्या चिपांत असून प्रोसेसरच्या निम्म्या वेगानेंच चाले. सेलेरॉनची थोडी, परंतु पूर्ण वेगाची. खोटे शिक्के मारून हलका माल भारी म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना आळा घालण्यासाठीं कंपनीनें प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद केला होता. सेलेरॉनच्या बाबतींत हा गुणक साडेचार, आणि मदरबोर्डाचा ठेका ६६ मेगाहर्ट्झचा, गुणाकार तीनशें. परंतु ठेका मदरबोर्डाच्या ताब्यांत होता आणि त्याच वर्षीं निघालेले चांगले मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा ठेका धरूं शकत. साडेचार गुणिले शंभर म्हणजे बरोबर साडेचारशें! ज्यांच्या मदरबोर्डावर ठेका बदलण्याची सोय नव्हती, त्यांनीं प्रोसेसरच्या कडेवरील बी-२१ हा एक संपर्कबिंदु चिकटपट्टीनें किंवा नखांच्या रंगानें झांकला. मग मदरबोर्ड आपण होऊनच शंभराचा ठेका धरूं लागला. प्रत्येक सेलेरॉन हा ताण सोसण्याजोगा नव्हता, परंतु पुष्कळ होते. आणि जे होते ते खेळांत चौपटीहून अधिक किंमतीच्या प्रोसेसरच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. किंमतींतील अंतर वस्तूच्या गुणांत किती असतें आणि विकणाराच्या सोयींत किती असतें, हें या दीडशें डॉलरांच्या वस्तूनें सर्वांना दाखविलें.

आमच्या देशांत ही विद्या थोडी उशिरा, परंतु पक्की रुजली. सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेट येथें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सुरू केलें. १९९७ सालीं भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारांत सामील झाला आणि संगणकाच्या बहुतेक सामानावरील आयातकर पायरीपायरीनें उतरून २००५ पर्यंत शून्यावर आला. मुंबईस ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड—कागदोपत्रीं डॉ. भडकमकर मार्ग—हें या सामानाचें मोठें पेठस्थान. तेथून कोणाचा मदरबोर्ड, कोणाची रॅम, कोणाचा डबा असें जमवून 'असेंबल्ड' संगणक बांधून घ्यावयाचा, आणि पुढें त्यांतला एकेक भाग बदलीत जावयाचें, हा मध्यमवर्गाचा परिपाठच होऊन बसला. ज्यांना तेंहि जमत नसे त्यांच्यासाठीं सायबर कॅफे होते. तेथें तासावर पैसे मोजून मुलें 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. ज्या 'हाफ-लाइफ' या खेळाच्या सांगाड्यावर तो उभारला गेला होता, तो सांगाडा 'क्वेक'च्याच आज्ञावलींतून घडविलेला. आणि त्याची किमान मागणी ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर व ९६ मेगाबाइट रॅम एवढीच होती. दक्षिण कोरियांत १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर 'पीसी बांग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशाच दुकानांचें जाळें पसरलें, आणि मार्च १९९८ मध्यें निघालेल्या, बेताच्या यंत्रावरहि चालणाऱ्या 'स्टारक्राफ्ट'नें त्यांना गिऱ्हाईक पुरविलें. जो खेळ जुन्या यंत्रावर चालतो तो गांवोगांव पोंचतो, ही गोष्ट दोन्ही देशांत सारखीच खरी ठरली.

अलीकडील काळांत साधनें बदललीं, परंतु पद्धति तीच राहिली. कचेऱ्यांतून निवृत्त झालेला संगणक स्वस्तांत घ्यावा, त्यांत रॅमची दुसरी पट्टी घालावी, आणि एक बेताचें ग्राफिक्स कार्ड बसवावें, ही आजची रूढ वाट. तिच्यांतहि कुजका वासा शोधावाच लागतो. आणि तो बहुधा वीजपुरवठ्यांत असतो. म्हणूनच ऑक्टोबर २०१६ मध्यें निघालेलें 'जीटीएक्स् १०५० टीआय्' हें कार्ड गरिबांचें दैवत झालें. कारण तें ७५ वॅटांत भागवी, आणि तेवढी वीज खांचेंतूनच मिळते. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथिरियम या आभासी चलनानें आपली पद्धत बदलली. त्यामुळें तें चलन मिळविण्यास जुंपलेलीं असंख्य कार्डें बेकार झालीं आणि जुन्या बाजारांत आलीं. एस्एस्डी घातल्यानें खेळ लवकर उघडतो, परंतु सुरू झाल्यावर चित्रें अधिक जलद हलत नाहींत, हें पुष्कळांस पैसे खर्च केल्यावर कळतें. आणि घरांत दुसरें कोणी कांहीं उतरवून घेऊं लागलें कीं खेळ अडखळतो, त्याचा दोष बहुधा संगणकाचा नसून राउटरमध्यें सांचणाऱ्या निरोपांच्या लांब रांगेचा असतो. ही रांग आटोक्यांत ठेवण्याची रीति कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यावरून निघालेली आज्ञावली 'ओपनडब्ल्यूआर्टी' या मुक्त प्रणालीच्या द्वारें अनेक जुन्या राउटरांत फुकट घालतां येते. 'क्वेकवर्ल्ड'चाच हा धडा पुन्हां एकदां.

येथपर्यंतचा इतिहास उमेदीचा आहे. परंतु मघाशीं जी गोष्ट उघड झाली असें म्हटलें, तिचें दुसरें अंग आतां पाहिलें पाहिजे. 'क्वेक' विकत घेणाराजवळ त्याची आज्ञावली राहत असे, आणि स्वतःचा मध्यवर्ती संगणक कोणीहि चालवूं शके. आजचा खेळ हा कंपनीच्या संगणकावर नांदतो. खेळणाराच्या घरीं असतो तो केवळ दरवाजा. २७ सप्टेंबर २०२३ रोजीं 'काउंटर-स्ट्राइक'च्या चालू आवृत्तीच्या जागीं नवी आवृत्ति आली, आणि जुन्या धर्तीचीं ग्राफिक्स कार्डें, ३२ बिटांची प्रणाली व मॅक संगणक यांचा आधार काढून घेण्यांत आला. अशीं यंत्रें वापरणारे एक टक्क्याहूनहि कमी आहेत, असें कंपनीनें सांगितलें. तें खरेंच असेल. परंतु त्या एक टक्क्याचें यंत्र आदल्या रात्रीं चालत होतें, तें दुसऱ्या दिवशीं जुनें झालें, आणि त्यांत रात्रींतून झीज अशी कांहींच झाली नव्हती. 'व्हॅलोरंट' हा खेळ विंडोज ११ वर खेळावयाचा तर टीपीएम् २.० ही सुरक्षा-चिप असावीच लागते. आणि विंडोज ११ ला स्वतःलाहि तीच चिप व साधारणतः २०१७–१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. चिकटपट्टीनें एक बिंदु झांकून हें दार उघडत नाहीं.

या बाबतींत कंपन्यांची बाजू अगदींच लंगडी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. लबाडी करणारांच्या टोळ्या खेळाची माती करतात, आणि त्यांना अडविण्यास कांहीं तरी भक्कम खूण हवी, हें प्रामाणिक खेळणाराच्याहि हिताचें आहे. जुन्या प्रत्येक यंत्रासाठीं आज्ञावली तपासीत बसण्यास खर्च येतो, हेंहि खरें. परंतु 'करतां येत नाहीं' आणि 'करावयाचें नाहीं' यांतील भेद इतिहासानें वारंवार दाखविला आहे. ए. एम्. डी. नें मे २०२० मध्यें आपल्या येऊं घातलेल्या प्रोसेसरांना जुन्या मदरबोर्डांवर आधार मिळणार नाहीं असें सांगितलें. लोकांनीं ओरड केली. दोन आठवड्यांच्या आंत कंपनीनें आपला शब्द फिरविला. पुढें २०२२ सालीं त्याहूनहि जुन्या, २०१७ मधील मदरबोर्डांनाहि नुसत्या मूळ आज्ञावलीच्या सुधारणेनें तें दार उघडून दिलें. त्याच वर्षीं एप्रिलांत निघालेला '५८००एक्स्३डी' हा प्रोसेसर, ज्याच्या अंगांत ९६ मेगाबाइट जलद स्मृति आहे, पांच वर्षांच्या जुन्या मदरबोर्डावर बसून खेळांत नव्या यंत्रांशीं झुंजूं लागला. सेलेरॉनचा गुण आणि १९८१ च्या खांचांचा गुण येथें एकत्र आले. जें अशक्य म्हणून सांगितलें होतें, तें मागणी होतांच शक्य झालें.

एवंच, या चाळीस वर्षांच्या हकीकतीवरून आम्हांस असें दिसतें कीं, जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार तीन गोष्टींवर अवलंबून असतो: यंत्राचें पोट उघडें असणें, अडचण नेमकी कोठें आहे याचें ज्ञान, आणि आज्ञावलीवर कांहीं तरी ताबा. पहिली गोष्ट कारागिरांनीं दिली आणि लोकांनीं राखली. दुसरी काटकसरी माणसानें स्वतःच्या चिकाटीनें मिळविली, आणि ती त्याच्यापासून कोणी हिरावूं शकत नाहीं. तिसरी मात्र हातांतून निसटत चालली आहे. खेळ ही क्षुल्लक बाब आहे असें म्हणून याकडे काणाडोळा करणें सोपें आहे. परंतु आज खेळाच्या संगणकाला जो न्याय, तोच उद्यां विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या संगणकाला आणि दुकानदाराच्या हिशेबाच्या संगणकाला लागणार आहे. वस्तु विकत घेणारानें तिचें मोल एकदां दिलें, म्हणजे ती जुनी केव्हां झाली हें ठरविण्यांत त्याचाहि कांहीं शब्द असावा. घराचा मालक आपण. मग घर पडलें कीं नाहीं, हें शेजाऱ्यानें येऊन कां सांगावें?